निर्दोष मोटार आणि सदोष मालक

भारतीय मोटार-उद्योगाच्या गेल्या चार दशकांतील प्रगतीचा आढावा घेताना इंजिनांची ताकद, निर्यातीचे आकडे आणि सुरक्षा-चाचणीत मिळालेले तारे यांची दखल सर्वच अभ्यासक घेतात. परंतु या काळातील सर्वांत मूलगामी परिवर्तन, म्हणजे मोटारीतील दोष मोटारीतून काढून तिच्या मालकात बसविण्याची प्रक्रिया, अद्याप कोणाच्या फारशी नजरेस आलेली दिसत नाही. हे स्थलांतर इतक्या सफाईने पार पडले आहे की मालकाला त्याचा पत्ता गाडी पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरच्या दारात उभी राहिल्यावरच लागतो. तोपर्यंत तो बिचारा स्वतःला धडधाकट समजत असतो.

कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी आणि बंगालमधील उत्तरपाड्याहून अ‍ॅम्बॅसेडर बाहेर पडत होती, त्या काळी दोषाची मालकी निर्विवाद होती. गाडी बिघडणारच, हे निर्मात्याला, मालकाला आणि खंडाळ्याच्या घाटातील चहावाल्यालाही ठाऊक होते. उन्हाळ्यात घाट चढताना इंजिनाच्या धगीने नळीतल्या पेट्रोलची वाफ होई, इंधनाचा ओघ तुटे आणि गाडी जागच्या जागी थांबे. ‘व्हेपर लॉक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारावर बॉनेट उघडून फ्युएल पंपावर ओले फडके टाकणे हा सर्वमान्य उपाय होता, आणि ते फडके व पाण्याची बाटली ही गाडीची अनधिकृत परंतु अत्यावश्यक उपकरणे होती. मालक गाडीला मनसोक्त शिव्या देई, गाडी त्या ऐकून घेई आणि थोड्या वेळाने दोघेही लोणावळ्याकडे मार्गस्थ होत. या नात्यात फसवणूक नव्हती, कारण मुळात वचनच नव्हते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली, सहसा न बिघडणारी गाडी असू शकते हे देशाला कळले आणि बिघाड ही लाजेची बाब झाली. ही लाज कोणी बाळगायची एवढाच प्रश्न उरला होता. तो वॉरंटीच्या पुस्तिकेने सोडविला.

वॉरंटी म्हणजे ठरावीक मुदतीत निर्मितीतील दोषामुळे एखादा भाग निकामी झाल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची निर्मात्याने दिलेली लेखी हमी होय. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ही हमी मोठ्या टायपात असते, म्हणजे तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, ‘यांपैकी जे आधी घडेल ते’. आणि पुढील सर्व पानांवर ती बारीक टायपात परत घेतलेली असते. नैसर्गिकरीत्या झिजणारे भाग या हमीतून वगळलेले असतात, आणि त्यांत क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपरचे रबर, पट्टे, बुश, बल्ब अशी नावे येतात. या यादीचा बारकाईने अभ्यास केल्यास असे आढळते की गाडीतील जे भाग हलतात ते झिजतात आणि जे झिजतात त्यांपैकी बरेच वगळलेले असतात, त्यामुळे हमीचा निर्वेध लाभ घ्यायचा तर गाडी न हलविणे श्रेयस्कर ठरते. परंतु त्या मार्गाने जाणाऱ्या सुज्ञ मालकाला पुढच्याच पानावर, गाडी दीर्घकाळ उभी ठेवल्यामुळे झालेले नुकसान हमीत बसत नाही, असे वाचावयास मिळते. चालवली तरी दोष, उभी ठेवली तरी दोष, अशी ही चहूबाजूंनी बंदिस्त रचना असून तिच्या कर्त्याने तर्कशास्त्राचा अभ्यास केलेला असावा.

या तत्त्वाचे प्रात्यक्षिक सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरच्या टेबलापाशी पाहावयास मिळते. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणजे मालक आणि कार्यशाळा यांच्यामध्ये बसविलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला तरुण. हा गाडीला प्रत्यक्ष हात लावत नाही, परंतु गाडीच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. क्लच अकाली गेल्याची तक्रार घेऊन आलेल्या मालकाला तो अत्यंत आदराने विचारतो, “सर, क्लचवर पाय ठेवून चालवता का?” या प्रश्नाला निर्दोष उत्तर अस्तित्वात नाही, कारण क्लच पायानेच दाबायचा असल्याने नाही म्हणता येत नाही आणि होय म्हटल्यास गुन्हा कबूल होतो. त्यानंतर पेट्रोल कोणत्या पंपावर भरता, गाडी अजून कोण चालवते, बाहेरून हॉर्न वगैरे बसवला आहे का, असे प्रश्न ओघाने येतात. मालकाने कधीकाळी नाक्यावरच्या दुकानातून रिव्हर्स कॅमेरा बसवून घेतलेला असेल आणि त्याच्या वायरीच्या सांध्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली असेल, तर ती सापडल्यावर कार्यशाळेत जो आनंद पसरतो तो पुरातत्त्व खात्याला ताम्रपट सापडल्यावरही पसरत नसावा. बिघाड गिअरबॉक्सचा असला तरी दुसऱ्या टोकाच्या कॅमेऱ्याशी त्याचा संबंध जोडला जातो आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

तथापि आधुनिक मोटारीचा सर्वांत गूढ विकार म्हणजे आवाज होय, आणि त्याचा विचार सविस्तर करणे आवश्यक आहे. हा आवाज डॅशबोर्डच्या आत, डावीकडच्या दाराच्या खांबात किंवा मागच्या सीटखाली कोठेतरी, फक्त दुसऱ्या गिअरमध्ये, रस्ता मध्यम खराब असताना आणि काचा बंद असतानाच येतो. त्याचे उगमस्थान घरातील प्रत्येक सदस्याला वेगळ्या ठिकाणी ऐकू येत असल्याने त्यावरून मतभेद आणि क्वचित गटबाजीही होते. मालक प्रथम स्वतः संशोधन करतो: दाराच्या कप्प्यातील सुटी नाणी काढतो, डिकीतील जॅकला फडके गुंडाळतो, मोकळे सीटबेल्ट बक्कलात अडकवितो, पत्नीला मागे बसवून कान देण्यास सांगतो, आणि “आता आला बघ, आत्ता!” असे ओरडत एकाच गतिरोधकावरून चार वेळा जातो. एवढे करून तो सर्व्हिस सेंटरमध्ये पोहोचला की त्याची तक्रार जॉब कार्डावर, म्हणजे गाडीवर करावयाच्या कामांच्या नोंदपत्रावर, ‘ग्राहकाच्या म्हणण्यानुसार आवाज’ अशा शब्दांत नोंदविली जाते. पोलीस ठाण्यातील फिर्यादीतही फिर्यादीविषयी इतका सावध अविश्वास दाखविलेला नसतो.

मग टेस्ट राइड होते. तंत्रज्ञ गाडी चालवितो, मालक शेजारी बसतो, आणि एरवी घर डोक्यावर घेणारे पोर पाहुण्यांसमोर शहाण्यासारखे बसावे तशी गाडी निःशब्द होते. ज्या खड्ड्यावर ती सकाळी ओरडली त्याच खड्ड्यावरून ती आता तरंगत जाते. मालक चाचरत म्हणतो, “अहो, घरून येताना येत होता.” तंत्रज्ञ सहानुभूतीने मान हलवितो, ही सहानुभूती गाडीविषयी नसते. क्वचित, शंभरात एखाद्या वेळी, गाडीचा अंदाज चुकतो आणि आवाज तंत्रज्ञासमोरच येतो, त्या क्षणी मालकाच्या चेहऱ्यावर खटला जिंकल्याचे तेज चढते, आणि ते पूर्ण चढायच्या आत अ‍ॅडव्हायझर सांगतो, “सर, हे नॉर्मल आहे. या मॉडेलमध्ये येतोच.”

‘नॉर्मल’ ही संज्ञा या शास्त्राचा पाया असल्याने तिचे स्पष्टीकरण देणे योग्य ठरेल. जो दोष एकाच गाडीत आढळतो तो त्या गाडीच्या मालकाच्या वापरामुळे उद्भवलेला असतो. जो दोष सर्वच गाड्यांत आढळतो तो नॉर्मल असतो. या दोन प्रकारांच्या मध्ये निर्मितीतील दोषाला बसावयास जागा नाही, आणि वॉरंटी तर केवळ निर्मितीतील दोषासाठीच दिलेली असते. इतकी अभेद्य मांडणी भल्याभल्या दर्शनकारांनाही साधलेली नाही.

डिझेल गाडीच्या मालकाच्या वाट्याला याच तत्त्वाचा एक प्रगत आविष्कार आला आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण-मानकामुळे डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत ‘डीपीएफ’ नावाची जाळी आली. इंजिनातून निघणारी काजळी ही जाळी अडवून ठेवते, आणि साठलेली काजळी सुमारे सहाशे अंश सेल्सिअस तापमानाला जाळून स्वतःला मोकळी करते. हवेच्या दृष्टीने ही योजना उत्तम आहे यात शंका नाही. अडचण एवढीच की इतकी उष्णता निर्माण होण्यासाठी गाडी बराच वेळ न थांबता बऱ्यापैकी वेगाने, साधारणतः ताशी साठ किलोमीटरच्या पुढे वीस-पंचवीस मिनिटे, पळावी लागते. आणि पुण्यात राहून हिंजवडीला नोकरी करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात अशी सलग वीस मिनिटे येत नाहीत. परिणामी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, मालक धावतपळत सर्व्हिस सेंटर गाठतो आणि तेथे त्याला “गाडी शहरातच फिरवता ना? हायवेला न्या एकदा” असा सल्ला मिळतो. मग रविवारी पहाटे तो साताऱ्याच्या रस्त्याला लागतो, खेड शिवापूरला टोल भरतो, गिअर मुद्दाम खालचा ठेवून इंजिन तापवितो आणि कोठेही न जाता परत येतो. घरच्यांना ही सहल वाटते; प्रत्यक्षात तो स्वखर्चाने डिझेल जाळून, त्या डिझेलची काजळी जाळण्यासाठी आणखी डिझेल जाळून, सरकारी मानकाची पूर्तता करीत असतो. काही गाड्यांत तापमान वाढविण्यासाठी इंजिनात जादा डिझेल फवारले जाते आणि दहनाची प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिल्यास त्यातील काही अंश खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतो, त्यामुळे डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. वापरल्याने वाढणारी वस्तू पाहून साध्याभोळ्या मालकाला क्षणभर आनंद होतो. ऑइल मुदतीआधी बदलावे लागेल आणि त्याचे पैसे स्वतंत्र पडतील हे त्याला नंतर कळते, आणि जाळी कायमची तुंबल्यास ‘वापराची पद्धत’ हे कारण जॉब कार्डावर तयारच असते.

गाडीच्या भुकेविषयीची वचनेही याच कुळातील आहेत. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे. गाडी किती इंधनात किती धावते हे तेथे प्रमाणित होते. यासाठी गाडी फिरत्या रुळांवर बांधून उभी करतात आणि वेग कधी वाढवायचा, कधी कमी करायचा याच्या ठरलेल्या आराखड्यानुसार ती जागच्या जागी चालवितात. या आराखड्यात वेग ताशी नव्वदच्या पुढे जात नाही आणि एसी बंद असतो. त्यात चांदणी चौक नाही, वरात नाही, उलट्या दिशेने येणारा दुचाकीस्वार नाही. प्रयोगशाळेची यात काहीच चूक नाही, कारण सर्व गाड्यांची तुलना व्हायची तर सर्वांना एकच माप हवे. मात्र जाहिरातीत ते माप वचनाचे रूप घेते आणि मालक ते वचन मागावयास गेला की त्याला टायरमधील हवा तपासण्यास सांगण्यात येते.

त्यातच पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण आले. इथेनॉलमध्ये तेवढ्याच आकारमानाच्या पेट्रोलच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि जुन्या रचनेच्या चारचाकींच्या इंधन-कार्यक्षमतेत सहा-सात टक्क्यांपर्यंत घट संभवते, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही दिलेला आहे. या धोरणाचे आर्थिक समर्थन येथे विचारात घेण्याचे कारण नाही. प्रश्न पुस्तिकेचा आहे: कित्येक जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांहून अधिक इथेनॉल असलेले इंधन वापरू नये असे छापलेले असून पंपावर वीस टक्क्यांवाचून दुसरे सहसा मिळत नाही. अशा वेळी पुस्तिका पाळावी तर गाडी ढकलत न्यावी लागते आणि गाडी चालवावी तर पुस्तिका मोडते. सरकारने निर्धास्त राहण्यास सांगितले आहे, परंतु सरकार सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर बसत नसल्याने मालकाची धास्ती पूर्णपणे गेलेली नाही. कोल्हापूर भागातील ऊस-उत्पादक मोटारमालकाची स्थिती तर विशेष अभ्यसनीय म्हणावी लागेल, कारण त्याच्या उसाचे बिल कारखान्याकडे थकलेले असतानाच त्याच उसाचे इथेनॉल तो पंपावर रोख पैसे मोजून विकत घेत असतो.

उपकरणांच्या बाबतीत निर्मात्यांचे धोरण असे दिसते की ज्याची गरज पडते ते काढून घ्यावे आणि ज्याची गरज नाही ते वाढवावे. जुलै २०२० मधील नियमदुरुस्तीने, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचा संच असल्यास लहान गाडीला स्टेपनी, म्हणजे जादा चाक, नसले तरी चालेल अशी मुभा मिळाली. या संचात एक हवा भरण्याचा छोटा पंप आणि चिकट द्रवाची बाटली असते. खिळ्याचे भोक ती बाटली बुजविते. परंतु आपल्या रस्त्यांवरील खड्डा टायरची कड कापतो आणि कडेपुढे बाटलीचे काही चालत नाही. शिवाय बाटलीवर वापराची अंतिम तारीख असते, ती तारीख बाटली लागेल त्या रात्रीच मालकाच्या वाचनात येते. जेथे स्टेपनी उरली आहे तेथे ती अनेकदा बारीक असते आणि तिच्यावर ताशी ऐंशीच्या वर जाऊ नये असा इशारा चिकटविलेला असतो. उलटपक्षी छतात उघडणारी काच, म्हणजे सनरूफ, बहुतेक मॉडेलांत येऊन बसली आहे. वर्षातील चार महिने उघडली तर पाऊस आत येतो आणि उरलेल्यांपैकी चार महिने उघडली तर ऊन. तिच्या कोपऱ्यांतील पाणी वाहून जाण्याच्या नळ्या पानगळीने तुंबल्या की पाऊस ती न उघडताही आत येतो, आणि त्यास देखभालीचा अभाव म्हणतात. चावीचीही गोष्ट काहीशी अशीच. चिपचा जागतिक तुटवडा होता त्या काळात लाखो रुपयांच्या गाडीसोबत एकच स्मार्ट किल्ली देऊन दुसरी मागाहून देण्याचे आश्वासन देण्यात येत असे. टोयोटासारख्या बलाढ्य कंपनीनेही २०२२ मध्ये जपानमधील ग्राहकांना दुसरी किल्ली तूर्त साधी देण्याचे ठरविले होते.

निसर्गाने केलेल्या नुकसानीबाबत तर सर्वच पक्ष कानावर हात ठेवतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईकर मोटारमालकांना ‘हायड्रोस्टॅटिक लॉक’ या संज्ञेचा परिचय झाला. पाणी दाबले जात नसल्यामुळे ते इंजिनाच्या नळकांड्यात शिरल्यावर गाडी सुरू करू पाहिल्यास आतील दांडा वाकतो किंवा तुटतो, असा या संज्ञेचा अर्थ आहे. कंपनीच्या मते हा बिघाड पाण्यामुळे झालेला असतो आणि विमा कंपनीच्या मते तो चावी फिरविल्यामुळे, म्हणजे फिरून मालकामुळेच. हा वाद मिटावा म्हणून आता इंजिनासाठी वेगळा विमा वेगळ्या हप्त्याने विकला जातो. उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगचीही हीच गत आहे. उंदीर हा बाह्य घटक असल्याने तो वॉरंटीत येत नाही, म्हणून सोसायट्यांच्या वाहनतळावर सायंकाळी सुशिक्षित गृहस्थ बॉनेटखाली तंबाखूची पाने बांधताना दिसतात आणि त्यांच्याकडे पाहून गाडीलाच व्यसन लागले की काय असा संशय येतो.

यावर कायद्याचा उपाय आहे. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची सोय दिली. मात्र निर्मितीतील दोष सिद्ध करण्यासाठी सामान्यतः तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि गाडी वारंवार कार्यशाळेत न्यावी लागली एवढ्यावरून तो सिद्ध होत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सरकारला सदोष गाड्या परत बोलावण्याचा, म्हणजे ‘रिकॉल’चा आदेश देण्याचा अधिकारही मिळाला आहे, १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सात वर्षांच्या आतील गाड्यांबाबत ठरावीक संख्येने तक्रारी आल्यास चौकशी होते आणि निर्मात्याला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. रिकॉलचे पत्र आल्यावर मालकाला समजते की जे तीन वर्षे नॉर्मल होते ते आता नॉर्मल राहिलेले नाही. पत्रात दिलगिरी असते. त्या काळात त्याने बदललेल्या तीन भागांचे पैसे नसतात.

प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर दोन दिवसांनी कंपनीच्या मुख्यालयातून समाधान-मापनाचा फोन येतो, परंतु त्याआधी, गाडी ताब्यात देतानाच, अ‍ॅडव्हायझर मालकाला बाजूला घेऊन हळूच सांगतो, “सर, कंपनीचा कॉल येईल, प्लीज दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह कापतात.” आवाज गेलेला नसतो, एसी निर्जंतुक करण्याचे न सांगता केलेले काम बिलात असते, धुतलेल्या गाडीच्या पायपुसणीखाली ओलावा असतो. परंतु हा मुलगा साताऱ्याचा किंवा बीडचा निघतो, त्याचे लग्न ठरलेले असते, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला गाठ त्याच्याशीच असते. फोन येतो. मालक कार्यालयातल्या बैठकीतून उठून बाहेर जातो आणि दुरुस्तीचा दर्जा दहा, पारदर्शकता दहा, वेळेचे पालन दहा, असे एकापाठोपाठ सांगून मोकळा होतो. शेवटी पलीकडची मुलगी विचारते, “सर, आपण आमची गाडी मित्रांना सुचवाल का?” आणि तो म्हणतो, “हो, हो, सुचवतो ना.”